पत्र्यावरचं उलटं नाव

भांड्यांवर नावं घालण्यात आमच्या जवळा बाजार गावात माझ्या तोडीचा कुणी नाही, असं मी मानत होतो. म्हणूनच देशमुखांनी तो तांब्याचा जुना पत्रा माझ्यापुढं टाकला.

हिंगोलीची छावणी मोडली तेव्हा त्यांच्या वडलांना तो मिळाला होता. कुण्या गोऱ्या साहेबानं त्यावर पडक्या देवळाचं चित्र कोरलं होतं. एकेक खांब इतका नाजूक की माझा जीव जळला. खाली त्याचं नाव होतं, पण सगळी अक्षरं उलटी.

"एवढा मोठा कारागीर, अन् नाव बी सुलटं घालता येत न्हाई!" मी हसलो. असा पत्रा शाई लावून कागदावर दाबतात अन् मग नाव सुलटं उमटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"खोड ते, युसूफ. माझं घाल," देशमुख म्हणाले.

कारागिराचं नाव कारागिरानंच खोडलं. लाज वाटली नाही. बरंच वाटलं.

पुढच्या बाजाराला नर्मदाबाई घागर घेऊन आल्या. दोन वर्षांमागं मीच घातलेलं त्यांचं नाव उलटं झालं होतं. मागोमाग सटवाजीची परात आली, मग आणखी तीन हंडे. अक्षरं माझ्याच हातची, आणि सगळी उलटी.

घरी येऊन मी हातोडी उचलली. ती डाव्या हातात आली.

"हाजरा, मी डावरा कधी झालो?"

बायकोनं चुलीपासून मान वर केली. "असं काहून इचारून राहिले? तुमी तर पहिल्यापासूनच डावरे."

मी छातीवर हात ठेवला. डावीकडं काहीच लागेना. ठोके उजवीकडं पडत होते.