विमलची सावड

कांद्याचं रोप उपटून ओल्या पोत्याखाली ठेवलं होतं, पाटाचं पाणी वाफ्यांत शिरलं होतं आणि बायांचा पत्ता नव्हता. विमल बांधावर उभी राहून जळोचीच्या रस्त्याकडे बघत होती. उद्या पाणी खालच्या गावाला जाणार. आज लागण झाली नाही तर रोप वाळणार आणि यंदाचा कांदा गेला म्हणायचं.

आज तिची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, उपकारही नाही. ज्या घरचं काम, त्या घरची भाकरी. या हंगामात विमल प्रत्येकीच्या रानात वाकली होती. राजलक्ष्मीच्या रानात तर अंगात ताप असताना. विमलचं रोप उशिरा तयार झालं म्हणून तिची पाळी शेवटी आली, एवढंच.

पहाटे उठून तिनं पाटीभर भाकरी थापल्या होत्या. या भाकरीचं मोल तिलाच ठाऊक. सासूच्या हयातीत वरच्या आळीची एकही बाई बौद्धवाड्याच्या रानात जेवली नव्हती. कामाला हाक मारायच्या, पण सावडीत घ्यायच्या नाहीत. विमलनं तो शिरस्ता मोडला. "माझी भाकरी खाणार असाल तरच तुमच्या रानात येते," असं तिनं राजलक्ष्मीला तोंडावर सांगितलं. राजलक्ष्मीही खमकी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच जेवायला बसली. तेव्हापासून दोघींची मैत्री अशी, की एकीला ठेच लागली तर दुसरीनं कळवळावं.

दिवाळीला लेक निकिता घरी आली तेव्हा विमलनं तिला ही हकिकत सांगितली होती. निकिता पुण्याला विद्यापीठात शिकत होती. शाश्वत विकास आणि सामाजिक उद्योजकता. विमलला ते नाव एका दमात म्हणता येत नसे, पण म्हणायला फार आवडायचं. लेकीनं खोदून खोदून विचारलं, सगळं मोबाईलवर भरून घेतलं, बायांशी बोलून त्यांचे नंबर घेतले. सावड म्हणजे काय ते एका वाक्यात सांग म्हणाली. "एकीचं रान, समद्यींचं हात," विमल म्हणाली. पुढं फोन आला, की सावडीवरच्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आता तो पुढं न्यायचाय. "तुझंही नाव घालते, आई." विमल हसली होती. "घरच्या माणसाचं कशाला नाव? लेक माझी न् मी यादीत?" त्या दिवशी तिनं गल्लीत साखर वाटली होती.

ऊन चढायला लागलं. रस्त्यावर एक पिकअप येऊन वळणाला थांबली आणि मागच्या हौद्यात डोक्याला रुमाल बांधून उभ्या असलेल्या बाया विमलला दिसल्या. सावडीतल्याच. झाडून सगळ्या. राजलक्ष्मी पुढंच होती.

गरज सरो, वैद्य मरो. विमलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. असं केसानं गळा कापायचा होता तर त्या दिवशी भाकरी तरी कशाला मोडली? ती चिखलाच्या पायांनी तशीच गाडीपाशी गेली.

"राजाक्का, आज माझी सावड हाय. माझ्या भाकरीचा इटाळ परत सुरू झाला का?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. राजलक्ष्मीच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. ती नुसती गोंधळली होती.

"आगं इमल, इटाळ कसला? राती फोन आला, इंदापूरला डाळिंबाच्या बागंत जायचं म्हणून. न्हाय म्हणलं की नाव मागं पडतंय, मग पंधरा दिस काम न्हाय. आन् आमाला वाटलं, तुझ्या रानात पयली गाडी लागली असंल."

"माझ्या रानात गाडी कोण लावणार?"

"आता गं बया. तुला ठावं न्हाय?" राजलक्ष्मीनं विमलचा मोबाईल घेतला, एक नंबर दाबला आणि परत तिच्या हातात दिला. "हितं सांग बाया पायजेत म्हणून. आता समदं हितनंच चालतंय. सावडच म्हणत्यात त्येला बी." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गाडी हलली, तरी राजलक्ष्मी वळून हात करत राहिली, फोन कानाला लाव म्हणून.

विमलनं फोन कानाला लावला. मागं पाणी वाफा फोडून सरीत चाललं होतं.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. "एकीचं रान, सगळ्यांचे हात. सावडमध्ये आपलं स्वागत आहे."

घरी फोन केला की हाच आवाज आधी जयभीम म्हणायचा. विमलचा जीव क्षणभर भांड्यात पडला.

"निके, आगं मी बोलतीय. बाया पाठीव गं दोन-चार, रोप सुकाय लागलंय..."

आवाज थांबला नाही. ती बोलत असतानाच, त्याच गोडीनं तो पुढं म्हणाला, "माफ करा, आपला नंबर सावडीत नाही."