पळणारं दुखणं

आई गेल्यापासून माझे परीक्षेचे प्रश्न ऐकायला गंगूमावशी येऊन बसते. डॉक्टरकीचा परवाना मिळायला ही परीक्षा पास व्हावी लागते, आणि माझी ही दुसरी खेप.

"नऊ वर्षांची मुलगी," मी मराठी करून वाचलं. "घसा दुखून बरा झाला. तीन आठवड्यांनी ताप आला आणि सांधे धरले. आज गुडघा, उद्या मनगट. निदान काय?"

"ह्या विचारतत परीक्षेक?" सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडता निवडता मावशी म्हणाली. "तुझ्या आवशीचा ल्हानपणी असाच होता. आमच्या आयेन ढोपराक पालो बांधल्यान काय दुखणा मनगटात, मनगट बांधल्यान काय कोपरात. आमी म्हणू, औषध लागू पडला, दुखणा भिऊन पळता. काय हसू गो आमी."

"मग?"

"मग काय? महिन्याभरात गेला. परत काय इला नाय."

मी 'संधिवाताचा ताप' या पर्यायावर खूण केली. उत्तर बरोबर होतं. खाली स्पष्टीकरण होतं: सांधे आपोआप बरे होतात, पण पुढे काही वर्षं नियमित इंजेक्शनं दिली नाहीत, तर हृदयाची झडप निकामी होऊ शकते. आईच्या मृत्यूच्या कागदावर डॉक्टरांनी झडपच लिहिली होती.



मागच्या परीक्षेत हाच प्रश्न माझा चुकला, तेव्हा आई केंद्राच्या पायरीवर दम खात माझी वाट बघत बसली होती.