पुढची मूळ संख्या

पक्षाघातानंतर भाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर, फक्त आकडे बोलत. विदुला मोबाईलवर तपासायची. वडिलांचा प्रत्येक आकडा मूळ संख्या निघायचा, एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारा.

“दहा लाख सदतीस,” भाऊ म्हणाले.

“दहा लाख एकोणचाळीस,” शेजारच्या खाटेवरून उत्तर आलं. तीही मूळ संख्याच, लगेच पुढची! भाऊ महिन्यात पहिल्यांदा हसले.

नर्स घाबरली. “ताई, ठकूबाई आठ दिवस बेशुद्ध आहेत. शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी ठकूबाई गेल्या. रिकाम्या खाटेकडे बघत भाऊ म्हणाले, “दहा लाख एक्क्याऐंशी.” उत्तर येईना. त्यांचे डोळे भरून आले.

“दहा लाख नव्व्याण्णव.”

भाऊंनी विदुलाचा हात घट्ट धरला, तेव्हा तिला कळलं, बोलली ती स्वतःच होती. पुढची संख्या ओठांवर येऊ लागली. तिने तोंड दाबून धरलं.