जांभळा ठिपका

गोल्फ क्लबाच्या कुंपणावरून चेंडू आला तो थेट किनाऱ्यावर शीड उभारायला शिकणाऱ्या बाईच्या कानशिलावर बसला. ती वाळूत कोसळली ती उठलीच नाही. तिला बेशुद्धावस्थेत अँब्युलन्समध्ये घातलं आणि विंडसर्फिंगची मास्तरीण तो रक्ताळलेला चेंडू मुठीत आवळून तरातरा क्लबात शिरली.

"आमचे चेंडू तिकडे जातच नाहीत हो," सेक्रेटरी चहा ढवळत म्हणाले.

"मग हा काय आभाळातून पडला?"

कोपऱ्यातल्या टेबलावरून मास्तरिणीचे बाबा ताडकन उठले. निवृत्तीनंतर त्यांची प्रत्येक सकाळ इथेच गोल्फ खेळण्यात जायची. लेकीच्या शर्टावरचं रक्त बघून त्यांचा पारा चढला.

"जातच नाहीत म्हणे! उद्या माझ्या पोरीच्या डोक्यात बसला तर? इथं जो तो आपल्या चेंडूवर खूण करतो. बघ गं, काय खूण आहे. ज्याचा असेल त्याला मी स्वतः पोलिसांत नेतो!"

तिने मूठ जराशी उघडली. रक्ताच्या डागाशेजारी जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता. हल्ली बाबांचे हात थरथरतात, त्यांना बारीक खूण करता येत नाही, म्हणून आज सकाळी तिनेच लावून दिलेला.

"कोणाचा आहे? दे इकडे." बाबांनी थरथरता हात पुढे केला.

तिने मूठ घट्ट मिटली.

"खूणच नाहीये, बाबा."