ब्राकमानसाहेबांचं शास्त्रमंडळ

पूर्वेच्या बेटांवरल्या सेमारांग शहराचे डच अधिकारी ब्राकमानसाहेब यांनी जुन्या पोथ्या जमवायला शास्त्रमंडळ काढलं, तेव्हा कपाटात पहिली पोथी आली ती सस्त्रो आजोबांच्या गावची. रोगराई आली की आजोबा सारं गाव जमवून ती पोथी गाऊन वाचत. यंदा पटकी आली आणि आजोबा तीनदा पायी येऊन पोथी मागून गेले. तिन्ही वेळा साहेबांना हसू आलं.

“म्हातारबा, गाण्यानं पटकी पळते होय? तिकडे वाळवी खाईल पोथीला.”

“वाळवी पान-दोन पान खाते, साहेब. तुमच्या मंडळानं अख्खी पोथी खाल्ली.”

चौथ्यांदा आजोबा दारात उभे राहिले, तेव्हा त्यांचे फुटलेले पाय पाहून साहेबांना राहवलं नाही. त्यांनी स्वतः कपाट उघडून पोथी पुढे केली.

“घेऊन जा बाबा. पोटभर गा, मग आणून दे.”

आजोबांनी पोथी कपाळाला लावली आणि परत मेजावर ठेवली. मग पाठीवरचं गाठोडं सोडून आणखी पाच पोथ्या तिच्याशेजारी मांडल्या.

“ह्याही ठेवून घ्या, साहेब. आसपासच्या पाच गावांच्या आहेत. गायला मी आहे अजून, पण ऐकायला कुणी उरलं नाही.”