मिटलेले डोळे

"बाबा, डोळे राहिले की!"

"रंग वाळून गेला गं," बाहुलीवाला म्हणाला. हात मात्र डाव्या खिशावर दाबलेला.

चिंगीने दवाखान्याच्या खाटेवरूनच त्याला न्याहाळलं. त्याच्या मांडीवरच्या कळसूत्री बाहुलीला चिंगीचंच बसकं नाक होतं, चिंगीचाच गालावरचा तीळ. अंगात चिंगीच्या जुन्या फ्रॉकचा झगा, हातापायांना दोऱ्या. डोळ्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत लाकूड. आता कुठल्याही क्षणी चिंगीला पोटातली गाठ काढायला नेणार होते.

बाहुलीवाला डोळे नेहमी शेवटी काढायचा. डोळे काढून झाले की बाहुली खेळवाल्याच्या हाती जायची, ती पुन्हा घरी यायची नाही. चिंगी दाराशी रडायची, तेव्हा तोच समजूत घालायचा, "डोळे उघडले की बाहुली परकी, बाळा." आता तेच बोलणं त्याच्या अंगाशी आलं होतं. या बाहुलीवर ब्रश टेकवायला त्याचा हात धजत नव्हता.

"काल तर ओला होता रंग."

"काल होता, आज नाही. रंगाचं काय घेऊन बसलीस!"

"थापाड्या!"

चिंगीने नर्सताईंकडे पेन मागितलं. सुई टोचलेला हात सांभाळत, जीभ बाहेर काढून, तिने बाहुलीच्या तोंडावर दोन वाकड्या रेघा ओढल्या. मिटलेल्या पापण्या.

"ती पण झोपलीय," चिंगी म्हणाली. "म्हणजे कुठे जाणार नाही. उघडे डोळे तू काढ, मी उठल्यावर."

खाट आत गेली. दार मिटलं.

बाहुलीवाला बाकावर बसला. दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, पुन्हा करायचा. दार उघडलं की ताडकन उठायचा. दुसऱ्याच कुणाला हाक मारली की मटकन बसायचा. जीव नुसता टांगणीला लागलेला. बाहुली तेवढी छातीशी शांत झोपली होती.

पुन्हा दार उघडलं. नर्सताई. तोंडावर मास्क; नुसत्या डोळ्यांवरून काही उमगेना.

"चिंगीचे बाबा ना तुम्ही?"

त्याने बाहुली घट्ट धरून मान हलवली.

"आत्ताच जागी झाली. डोळे उघडल्या उघडल्या मला काय म्हणाली माहितीये? बाबाला सांगा, रंगाची बाटली त्याच्या डाव्या खिशात आहे."