आज आवाज स्वच्छ येतोय

कासू गावातल्या घरात बसून अपेक्षा मुंबईच्या ऑफिसला ऑनलाइन समजावत होती, "नवं वीज विधेयक मंजूर झालं, तर घरगुती सवलत जाईल. पण देशाचा वीजबाजार मंजुरीची वाट बघत नाही. तो नुसत्या धास्तीनेच हलतो."

"पटलं," साहेब म्हणाले. "आणि आज तुमचा आवाजही स्वच्छ येतोय. रोजची मागची ती घरघर नाही."

अपेक्षाने चटकन वर पाहिलं. डोक्यावर पंखा तर फिरत होता. ती बाहेरच्या खोलीत धावली. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं आणि ते खाटेची कड धरून धापा टाकत होते.

"बाबा, बटण कुणी बंद केलं?"

"मीच, गो बाय. तुझं बोलणं आयकलं. म्हटलं, आतापासनं सवय करावी."